स्वल्पविरामाने घेतलेली परीक्षा

जन्मभर मुलांच्या वह्यांत लाल शाईने स्वल्पविराम घातले. म्हातारपणी त्यानेच माझी परीक्षा घेतली!

आमच्या हिची नातेवाइकांच्या पत्त्यांची एक वही होती. ती जाऊन तीन वर्षं झाली. वहीची पानं सुटायला लागली, म्हणून मी सगळं संगणकावर उतरवलं. एका ओळीत एक माणूस: नाव, पत्ता, फोन आणि हिने लिहिलेली टीप. मधे स्वल्पविराम. अशा फाइलला सीएसव्ही म्हणतात. नातवाने पायथनमध्ये प्रोग्रॅम लिहिला. स्वल्पविराम दिसला की ओळ तोडायची.

पाहतो तर काय, मावशींच्या फोनच्या रकान्यात 'ब्राह्मणपुरी' आणि टीपेच्या जागी 'मिरज'! पत्त्यातले स्वल्पविरामही तोडले गेले होते. आणि हिची टीप? "गोड चालत नाही, पण आग्रह केला तर खातात." चार रकान्यांपलीकडे गेली म्हणून गायब.

मग जरा इतिहास वाचला. पूर्वी पंचकार्डावर प्रत्येक आकड्याची जागा ठरलेली असे. एक घर सरकलं की हिशेब चुकला. १९७२ साली आयबीएमच्या एका फोरट्रान कंपायलरमध्ये स्वल्पविरामाने वेगळे केलेले आकडे वाचायची सोय होती. मोजूनमापून जागा सोडायला नको. पण माणसाच्या वाक्यातही स्वल्पविराम असतो, त्याचं काय? युरोपात तर पुष्कळ ठिकाणी दशांशचिन्ह म्हणूनच तो वापरतात. तिथे रकान्यांमधे अर्धविराम घालतात.

जो तो आपापल्या रीतीने फाइल लिहीत होता. शेवटी ऑक्टोबर २००५ मध्ये आरएफसी ४१८० या टिपणात रूढ रीत नोंदवली गेली: मजकुरात स्वल्पविराम असेल तर तो रकाना दुहेरी अवतरणचिन्हांत ठेवावा, आत तेच चिन्ह आलं तर दोनदा लिहावं. पायथनमध्ये हे सांभाळून वाचणारं आणि लिहिणारं सीएसव्ही मॉड्यूल २००३ मध्येच, २.३ या आवृत्तीत, आलं होतं.

नातू म्हणाला, "आबा, माझं तोडणं चुकलं. पण तुम्हीही अवतरणचिन्हं घातली नाहीत!"

मराठीच्या मास्तराला हे ऐकावं लागलं. असो. चिन्हं घातली, त्याने मॉड्यूल वापरलं, आणि हिचं वाक्य अखंड परत आलं.

दिवाळीला मिरजेला जाणार आहे. आग्रह करायचा की नाही, ते तेवढं ठरायचंय.