एक गाडी, एक माणूस

परवा ऑफिसच्या गेटपाशी उभा होतो. प्रत्येक गाडीतून एकेकच माणूस उतरत होता. मला आपला बीड जिल्हा आठवला.

१९३२ साली निजामाच्या रेल्वेने २७ बसगाड्या रस्त्यावर आणल्या, तेव्हा बीड त्याच संस्थानात होतं. १९५६ला आपण मुंबई राज्यात आलो. पुढे लाल एसटी हीच मास्तर, कारकून, तलाठी सगळ्यांची गाडी झाली. पास काढायचा, रुमाल टाकून जागा धरायची!

ऊसतोडीची माणसं आजही ट्रक-ट्रॅक्टरमधून टोळीनेच जातात. त्यांना दुसरा पर्याय नसतो. आपल्याला असतो, तरी आपण एकटे जातो. १७ सप्टेंबर २०२५ला बीडला रेल्वेही आली.

सोमवारपासून शेजारच्या तिघांना गाडीत घ्यायचं ठरवलंय. तुम्ही कसे जाता?