ग्रंथांचा जीर्णोद्धार : फ्लॉरेन्सचा धडा

जीर्णोद्धार या शब्दाला आपल्याकडे पुण्यकर्माचा मान आहे. पण जुन्या दगडी देवळाचा जीर्णोद्धार म्हणून भिंतींना तैलरंग फासलेले आम्ही पाहतो, तेव्हा पाथरवटाच्या छिन्नीच्या खुणा त्या रंगाखाली कायमच्या बुजल्या, असेही मनात येते. हेतू शुद्ध, पण साक्ष नष्ट! जुन्या छापील ग्रंथांच्या बाबतीत युरोपात शतकानुशतके हेच घडत आले. ग्रंथ जीर्ण झाला की बांधणी उसकटावी, कडा छाटाव्यात, नवे कातडे चढवावे. या रीतीचा कठोर पुनर्विचार करावयास लावला तो एका महापुराने.

४ नोव्हेंबर १९६६ रोजी इटलीतील आर्नो नदी फ्लॉरेन्स शहरात शिरली. पानशेतचा १९६१ चा प्रलय ज्यांना ठाऊक आहे, त्यांना ते दृश्य वर्णून सांगावयास नको. नदीकाठच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या तळघरांत चिखल आणि घरे तापविण्याचे तेल यांनी मिसळलेले पाणी भरले. मालियाबेकी व पालातिना या जुन्या संग्रहांतील अमोल ग्रंथ त्यात बुडाले. देशोदेशींच्या तरुणांनी माणसांच्या रांगा लावून ते हातोहात बाहेर काढले. पानांत भुसा घालून ओल शोषून घेतली. तंबाखू सुकविण्याच्या भट्ट्यांतूनही पुस्तके वाळविली.

आश्चर्य असे की, जुने ग्रंथ धुता आले. त्यांचा कागद चिंध्यांच्या लगद्याचा, लांब तंतूंचा. छपाईची शाई जवसाचे तेल आणि काजळ यांची; ती पाण्याला दाद देत नाही. एकोणिसाव्या शतकात लाकडाच्या लगद्याचा, तुरटी व राळ घातलेला कागद सर्वत्र रूढ झाला. तो अंगच्या आम्लानेच पिवळा पडून तुटतो. म्हणजे पणजोबा धडधाकट आणि नातू रोगी, असा हा उलटा प्रकार!

दुरुस्तीसाठी इंग्लंडहून रॉजर पॉवेल, पीटर वॉटर्स, ख्रिस्तोफर क्लार्कसन आदी कारागीर आले. क्लार्कसन यांच्या चाणाक्ष नजरेने एक गोष्ट टिपली. भरपूर सरस लावून जड पुठ्ठ्यांत आवळलेल्या ग्रंथांची दैना झाली होती. उलट मऊ चर्मपत्राच्या साध्या वेष्टनात, सरस जवळजवळ न वापरता केवळ शिवणीवर तोललेले ग्रंथ तुलनेने सुखरूप होते. सोळाव्या-सतराव्या शतकांतील ही साधी बांधणी आजवर कोणी फारशी विचारात घेतली नव्हती. क्लार्कसन यांनी तिचा अभ्यास करून १९८२ मध्ये तिच्यावर स्वतंत्र पुस्तक लिहिले.

यातून जो विचार दृढ झाला, तो आम्हांस फार मोलाचा वाटतो. दुरुस्ती कमीत कमी असावी आणि पुढच्या पिढीला ती सोडविता यावी. म्हणून फाटलेल्या पानाला पातळ जपानी कागद गव्हाच्या सत्त्वाच्या खळीने लावतात. ओलावा देताच तो निघतो. काय केले याची नोंद ठेवतात. कारण शिवणीची भोके, जुना दोरा, समासातील टिपणे, मळलेला कोपरा हीदेखील इतिहासाची कागदपत्रेच आहेत. मजकूर दुसऱ्या प्रतीतून मिळेल. ही साक्ष एकदा छाटली की संपली.

आणि दुसरी प्रत असतेच असे नाही. फादर स्टीफन्सचे ख्रिस्तपुराण १६१६, १६४९ व १६५४ असे तीनदा छापले गेले. त्या छापील आवृत्त्यांपैकी एकही प्रत आज उपलब्ध नाही. ते काव्य आपल्यापर्यंत आले ते हस्तलिखितांतून.

आपली १८६७ पर्यंतची दोलामुद्रिते अजून जुन्या ग्रंथालयांत आहेत. त्यांना चिकटपट्टी लावू नये, बांधणाऱ्याकडे घाईने धाडू नये. आपल्या पूर्वजांनी पोथीला दोन फळ्या आणि एक रुमाल दिला, सरसाचा थेंबही दिला नाही. निष्णात हात मिळेपर्यंत तेवढेच पथ्य आम्ही पाळले, तरी पुष्कळ वाचेल.