एचटीटीपीची स्थित्यंतरे आणि परिचित इंटरफेसचे स्थैर्य

एखादी यंत्रणा मुळापासून बदलली की तिचा वापर करण्याची रीतही बदलते, असे सामान्यतः गृहीत धरले जाते. महाजालावरील विनंती व उत्तर यांच्या व्यवहाराचा गेल्या तीन दशकांचा इतिहास या गृहीतकास अनुकूल नाही. १९९१ पासून एचटीटीपी या प्रोटोकॉलच्या पाच आवृत्त्या प्रचारात आल्या. त्यांपैकी शेवटच्या दोहोंनी तारेवरून जाणाऱ्या मजकुराची घडणच पालटून टाकली. तथापि अमुक पत्त्यावरील वस्तू आणावी असे संगणकास सांगणारी प्रोग्राममधील ओळ जवळजवळ जशीच्या तशी राहिली. हे स्थैर्य कसे साधले, आणि नव्या प्रोटोकॉलचे कोणते गुण या स्थैर्यामुळे वापरकर्त्यापर्यंत पोहोचू शकले नाहीत, हा येथील विचाराचा विषय आहे.

‘इंटरफेस’ हा शब्द येथे मर्यादित अर्थाने घ्यावयाचा आहे. प्रोग्रामरने कोणत्या ठरावीक शब्दांत विनंती नोंदवावयाची आणि कोणत्या ठरावीक रूपात उत्तर स्वीकारावयाचे, यासंबंधी लायब्ररीने केलेला करार म्हणजे इंटरफेस. टपालाच्या लाल पेटीत पत्र टाकणाऱ्यास ते पुढे हरकाऱ्याच्या खांद्यावरून जाते की विमानाने, याची वास्तपुस्त करावी लागत नाही. ही उपमा पुढे अपुरी पडणार आहे, पण आरंभापुरती ती चालण्यासारखी आहे.

जिनिव्हाजवळील सर्न या संशोधनसंस्थेत टिम बर्नर्स-ली यांनी योजिलेली पहिली आवृत्ती इतकी साधी होती की विनंती म्हणजे केवळ एक ओळ असे. उत्तरादाखल दस्तऐवज येई व जोडणी बंद होई. मे १९९६ मध्ये आरएफसी १९४५ या मसुद्यात नोंदली गेलेली १.० ही आवृत्ती आणि जानेवारी १९९७ मधील १.१ ही आवृत्ती यांनी हेडर, स्थितिसंकेत आणि टिकून राहणारी जोडणी या गोष्टी रूढ केल्या. हा सारा मजकूर डोळ्यांनी वाचता येण्याजोगा होता. त्याच्या तळाशी १९८३ च्या ४.२ बीएसडी प्रणालीतून आलेला ‘सॉकेट’ हा इंटरफेस होता, आणि तो जोडणीकडे बाइटांचा एकच अखंड प्रवाह म्हणून पाहत असे. परिणामी एका जोडणीवर एका वेळी एक प्रश्न आणि त्याचे एक उत्तर, असा क्रम पडला. त्या काळच्या लायब्ऱ्याही याच साच्यात घडल्या. फंक्शनला हाक मारावयाची, उत्तर येईपर्यंत थांबावयाचे, मग पुढील काम हाती घ्यावयाचे. प्रोटोकॉलही क्रमवार आणि फंक्शनही क्रमवार, हा योगायोग पुढील सर्व घटना समजून घेण्यासाठी लक्षात ठेवला पाहिजे.

या साच्याचे सर्वांत दीर्घायुषी उदाहरण म्हणजे कर्ल होय. स्वीडनमधील डॅनियल स्टेनबर्ग यांच्या या साधनास मार्च १९९८ मध्ये हे नाव मिळाले आणि ऑगस्ट २००० मध्ये त्याचा गाभा ‘लिबकर्ल’ या नावाने इतर प्रोग्रामांस उपलब्ध झाला. त्याच्या ‘ईझी’ इंटरफेसमध्ये पत्ता व पर्याय नोंदवून ‘परफॉर्म’ म्हणावयाचे आणि वाट पाहावयाची. अनेक देवघेवी एकाच वेळी चालविणारा ‘मल्टी’ इंटरफेस त्यास २००२ मध्ये जोडला गेला. पायथॉन भाषेत २०११ साली केनेथ राइट्झ यांनी ‘रिक्वेस्ट्स’ ही लायब्ररी प्रसिद्ध केली. एका ओळीत पान मागविण्याची तिची सुटसुटीत रीत इतकी लोकप्रिय झाली की त्या भाषेतील प्रोग्रामरांच्या एका संपूर्ण पिढीची एचटीटीपीशी ओळख तिच्याच द्वारे झाली.

दरम्यान क्रमवारपणाची अडचण ब्राउझरांस जाणवू लागली होती. एका पानासाठी डझनावारी चित्रे व फाइली लागत, आणि ब्राउझर एका यजमान संगणकाशी साधारणतः सहाच जोडण्या उघडीत. त्यावर एकच संकेतस्थळ अनेक उपनावांत विभागणे, लहान चित्रे एका मोठ्या चित्रात बसविणे, असे तोडगे निघाले. १.१ मध्ये एकामागोमाग प्रश्न पाठवून ठेवण्याची सोय होती खरी. परंतु उत्तरे त्याच क्रमाने येणे बंधनकारक असल्यामुळे एक संथ उत्तर मागील सर्वांची वाट अडवी. गूगलमधील माइक बेल्शे व रॉबर्टो पिऑन यांनी नोव्हेंबर २००९ मध्ये जाहीर केलेला ‘स्पीडी’ हा प्रयोग या अडचणीतून जन्मला. मानक ठरविणाऱ्या आयईटीएफ संस्थेच्या कार्यगटाने २०१२ मध्ये तो आधारभूत मानला व मे २०१५ मध्ये आरएफसी ७५४० या क्रमांकाने एचटीटीपी २ प्रसिद्ध झाले. आता मजकुराच्या जागी नऊ बाइटांचे शीर्ष असलेल्या द्विमान चौकटी आल्या. प्रत्येक चौकटीवर प्रवाहाचा क्रमांक आला. एकाच जोडणीवर अनेक प्रश्नोत्तरांची सरमिसळ शक्य झाली.

या घडामोडीत एक निर्णय विशेष महत्त्वाचा आहे. कार्यगटाने स्वतःस असे बंधन घालून घेतले होते की विनंतीची पद्धत, हेडर आणि स्थितिसंकेत यांचा अर्थ बदलावयाचा नाही. बदलावयाची ती केवळ त्यांची वाहतूक. या बंधनामुळेच लायब्ररीला दुभाष्याचे काम करणे शक्य झाले. दुसरी सोय जुलै २०१४ च्या आरएफसी ७३०१ ने केली. सुरक्षित जोडणी जुळविताना होणाऱ्या आरंभीच्या संवादातच ग्राहक आपणास ज्ञात असलेल्या प्रोटोकॉलांची यादी देतो व सर्व्हर त्यांतून एक निवडतो. यासाठी वेगळी फेरी लागत नाही आणि प्रोग्रामरला काही विचारावेही लागत नाही. फेब्रुवारी २०१६ मध्ये गो भाषेची १.६ ही आवृत्ती आली तेव्हा तिच्या प्रमाण लायब्ररीतून होणाऱ्या सुरक्षित विनंत्या आपोआप नव्या प्रोटोकॉलवरून जाऊ लागल्या. जुना प्रोग्राम केवळ पुन्हा संकलित करावयाचा होता. कर्लने आपल्या आज्ञेसाठी जानेवारी २०१६ मध्ये आणि लिबकर्लसाठी ऑक्टोबर २०१८ मध्ये हेच मूलभूत वर्तन ठरविले. चौकटींचे प्रत्यक्ष काम पडद्याआड तात्सुहिरो त्सुजिकावा यांची ‘एनजीएचटीटीपी२’ ही लायब्ररी पाहत होती. लिबकर्लचा ग्राहक असलेल्या प्रोग्रामला तिचे नावही ठाऊक असण्याचे कारण नव्हते.

जावा भाषेने निराळा मार्ग पत्करला. १९९७ पासूनचा तिचा जुना वर्ग एफटीपी व गोफर यांसारख्या इतर प्रोटोकॉलांचीही सोय पाहून आखलेला होता आणि प्रत्येक देवघेवीसाठी एक धागा अडवून ठेवीत असे. त्याला ठिगळे लावण्याऐवजी सप्टेंबर २०१७ मध्ये नवा इंटरफेस प्रायोगिक म्हणून देण्यात आला व सप्टेंबर २०१८ मध्ये जावा ११ बरोबर तो प्रमाण ठरला. जुना वर्ग मात्र जुन्याच प्रोटोकॉलवर राहिला. हा मार्ग अधिक प्रामाणिक म्हणता येईल. परंतु त्यात जुन्या प्रोग्रामांचा लाभ आपोआप झाला नाही, हेही मान्य केले पाहिजे.

मूक स्थित्यंतराचे तोटे हळूहळू उघडकीस आले. एचटीटीपी २ मध्ये स्थितिसंकेताचा आकडा राहिला, पण त्याच्या सोबतचे शब्दरूप वगळले गेले. ४०४ या आकड्याशेजारी ‘सापडले नाही’ अशा अर्थाचे जे इंग्रजी शब्द येत, तेच वापरकर्त्यास दाखविणाऱ्या पानांवर आता रिकामी जागा दिसू लागली. हेडरांची नावे सक्तीने लहान लिपीत आली. त्यामुळे मोठ्या अक्षरांवर विसंबून शोध घेणारे हौशी प्रोग्राम अडखळले. वस्तुतः नावांतील अक्षरभेद गौण मानावा असा नियम पूर्वीपासूनच होता, पण ज्या नियमाचा भंग करून काही बिघडत नाही तो कोण पाळतो! ऑगस्ट २०१७ मध्ये नोडने नव्या प्रोटोकॉलसाठी स्वतंत्र विभाग दिला तेव्हा त्यात जुन्या इंटरफेससारखे वर्तन करणारा एक सुसंगत थरही ठेवावा लागला, आणि त्यातही स्थितिसंदेश कायमचा रिकामा होता. गोमधील प्रकार याहून सूक्ष्म आहे. ज्याने सुरक्षित जोडणीची स्वतःची मांडणी पुरविली त्याच्यासाठी लायब्ररी सावधगिरी म्हणून नवा प्रोटोकॉल बंद ठेवीत असे, आणि याची सूचना कोठेही मिळत नसे. २०१९ मध्ये १.१३ या आवृत्तीत तो आग्रहपूर्वक सुरू करण्याचा पर्याय द्यावा लागला.

यापेक्षा मूलगामी मर्यादा इंटरफेसच्या घडणीत होती. नव्या प्रोटोकॉलचा मुख्य गुण अनेक विनंत्या एकाच वेळी चालविणे हा आहे. जो प्रोग्राम एक विनंती करतो, थांबतो, मग दुसरी करतो, त्यास या गुणाचा उपयोग जवळजवळ नाही. हेडरांचे आकुंचन त्यास मिळेल. पण त्यापलीकडे विशेष काही नाही. रिक्वेस्ट्समध्ये वाहतुकीचा भाग बदलता यावा म्हणून ‘अडॅप्टर’ची सोय होती, आणि तिचा आधार घेऊन कोरी बेनफील्ड यांच्या ‘हायपर’ या लायब्ररीने एचटीटीपी २ त्याच इंटरफेसखाली बसवून दाखविले. तो प्रयोग पुढे बंद पडला. रिक्वेस्ट्स स्वतः १.१ वरच राहिली; तिच्या प्रतिष्ठेस किंवा वापरास त्यामुळे बाधा आली नाही. २०१९ मध्ये टॉम क्रिस्टी यांच्या पुढाकाराने आलेल्या ‘एचटीटीपीएक्स’ने तीच परिचित शब्दयोजना ठेवली, पण तिला असमकालिक विनंत्यांची जोड दिली. नवा प्रोटोकॉल तेथेही प्रोग्रामरने स्पष्ट मागितल्याखेरीज सुरू होत नाही. कर्लच्या मल्टी इंटरफेसमधील अनुभवही बोधक आहे. दहा विनंत्या एकदम दिल्या की लायब्ररी दहा जोडण्या उघडू पाहते, कारण पहिली जोडणी जुळेपर्यंत समोरचा सर्व्हर सरमिसळ स्वीकारणार की नाही हे कळतच नाही. म्हणून २०१५ मध्ये ‘थोडे थांब’ असे सांगणारा एक पर्याय जोडण्यात आला. वाहतूक कशी होते हे विचारावे न लागणे हा इंटरफेसचा गुण मानला जातो. येथे मात्र लाभ हवा असेल तर विचारावे लागते. टपालपेटीची उपमा अपुरी पडते ती याच ठिकाणी.

सर्व्हर पुश या वैशिष्ट्याची हकीकत या दृष्टीने सर्वांत उद्‌बोधक आहे. न विचारलेले उत्तर सर्व्हरने आपणहून पाठवावे, अशी ही कल्पना होती. पान मागितले की त्यास लागणारी फाइलही सोबत धाडावी. प्रश्न असा की, प्रश्नोत्तरांच्या साच्यात घडलेल्या इंटरफेसमध्ये न विचारलेले उत्तर ठेवावयाचे कोठे? लिबकर्लने त्यासाठी २०१५ मध्ये स्वतंत्र सोय केली, गोने फेब्रुवारी २०१७ मध्ये सर्व्हरच्या बाजूस. ब्राउझरमधील ‘फेच’ला मात्र त्याचा पत्ताच नव्हता. पुश केलेली फाइल ब्राउझरच्या साठ्यात आधीच असली तरी ती पुन्हा येई, व श्रम वाया जात. क्रोमने २०२२ च्या १०६ व्या आवृत्तीत ही सोय बंद केली, एनजिनएक्सने जून २०२३ मध्ये तिचा त्याग केला, फायरफॉक्सने ऑक्टोबर २०२४ मध्ये. प्राधान्यक्रमाच्या गुंतागुंतीच्या वृक्षाचीही तीच गत झाली. २०२२ च्या सुधारित मसुद्याने तो बाजूस सारला. तांत्रिक दोष दोहोंतही होते, हे खरे. परंतु परिचित इंटरफेसमधून ज्यास वाचा फुटली नाही ते वैशिष्ट्य टिकले नाही आणि ज्यास वाचेची गरजच नव्हती ते टिकले, हा भेद केवळ दोषांच्या यादीने उलगडत नाही.

तिसऱ्या आवृत्तीने हाच प्रश्न एक पायरी खाली नेला. एचटीटीपी २ चे प्रवाह वेगळे असले तरी खालची टीसीपी जोडणी एकच असे. एक पॅकेट हरवले की सर्वच प्रवाह खोळंबत. गूगलमध्ये जिम रॉस्किंड यांनी २०१२ च्या सुमारास आखलेल्या ‘क्विक’ने प्रवाहांचे भान वाहतुकीच्या थरातच आणले व तो थर यूडीपीवर उभारला. ही निवड साधी सोय नव्हती. अनेक प्रवाह वाहणारा एससीटीपी हा प्रोटोकॉल २००० पासून उपलब्ध होता. पण वाटेतील राउटर व पत्ता बदलणारी उपकरणे त्यास ओळखत नसल्याने तो महाजालावर रुजला नाही. यूडीपी मात्र जुन्या सॉकेट इंटरफेसलाही ठाऊक होता आणि वाटेतील यंत्रांनाही. मे २०२१ मध्ये आरएफसी ९००० व जून २०२२ मध्ये एचटीटीपी ३ चा आरएफसी ९११४ प्रसिद्ध झाला.

येथे अडसर आला तो सुरक्षेच्या लायब्ररीचा. ओपनएसएसएलचा परिचित इंटरफेस सॉकेटमधील बाइटप्रवाह सांकेतिक करून देण्यासाठी घडलेला होता. क्विकला त्यातील केवळ आरंभीची किल्ल्यांची बोलणी हवी होती. पॅकेटे तो स्वतःच बांधणार होता. ही फोड ओपनएसएसएलमध्ये नव्हती. म्हणून अकामाय व मायक्रोसॉफ्ट यांनी २०२१ मध्ये तिची स्वतंत्र शाखा चालविली. मूळ प्रकल्पाने नोव्हेंबर २०२३ मध्ये ३.२ आवृत्तीत ग्राहकापुरता स्वतःचा क्विक दिला, आणि सर्व्हरची बाजू तसेच इतरांच्या क्विकला जोडून घेण्याची सोय एप्रिल २०२५ च्या ३.५ मध्ये आली. मसुदा प्रसिद्ध झाल्यापासूनची ही चार वर्षे प्रोटोकॉलच्या कोणत्याही उणिवेमुळे गेली नाहीत. कर्लमध्ये एचटीटीपी ३ प्रायोगिक म्हणून सप्टेंबर २०१९ पासून होते, परंतु ते वापरावयाचे तर लायब्ररी निराळ्या सुरक्षाशाखेसह बांधून घ्यावी लागे. आणि बहुसंख्य वापरकर्ते प्रणालीबरोबर आलेली प्रतच वापरीत असतात.

शिवाय या वेळी निवडीची मूक सोयही सुटली. टीसीपीच्या जोडणीत यादी देऊन क्विक निवडता येत नाही, कारण ती जोडणीच वेगळी आहे. सर्व्हरने पहिल्या उत्तराच्या हेडरमधून आपला दुसरा मार्ग कळवावा, ही २०१६ च्या आरएफसी ७८३८ मधील रीत ब्राउझरांस मानवली, कारण ते तेथे पुन्हा येतात व आठवण ठेवतात. एकदाच चालून संपणाऱ्या प्रोग्रामला दुसरी भेटच नसते. त्याच्यासाठी डीएनएसमध्येच ही माहिती ठेवण्याची व्यवस्था नोव्हेंबर २०२३ च्या आरएफसी ९४६० ने केली. आणि एचटीटीपी ३ मागितल्यास दोन्ही मार्गांची शर्यत लावून जो प्रथम जुळेल तो स्वीकारण्याची पद्धत कर्लने त्याच वर्षी फेब्रुवारीत अंगीकारली होती. त्या शर्यतीत कोण जिंकले हे परत येणाऱ्या उत्तराच्या पहिल्या ओळीतील आवृत्तीच्या आकड्यावरून कळते. त्याखालील हेडर व मजकूर हाताळणारा प्रोग्राम तोच असतो.