साखरपाण्याचे बिल आणि गाण्याचे मोल

१८४७ च्या सुमाराची पॅरिसमधली हकीकत. शाँझेलिझेवरच्या एका प्रसिद्ध कॅफेत अर्नेस्ट बूर्जे हा गीतकार बसला होता. समोर साखरपाण्याचा पेला आणि कानावर वाद्यवृंदाचे सूर. तेही त्याच्याच रचनेचे! बिल आले तेव्हा त्याने ते द्यायचे नाकारले. ‘तुम्ही माझे संगीत फुकट वाजवता, मग मी तुमचे पेय फुकट का घेऊ नये?’ असा त्याचा सवाल होता. प्रकरण न्यायालयात गेले. निकाल बूर्जेच्या बाजूने लागला आणि त्यातूनच १८५१ मध्ये ‘सासेम’ ही रचनाकारांसाठी मोबदला गोळा करणारी संस्था उभी राहिली.

आपल्याकडे हा वाद वेगळ्या वळणाने गेला. १९६० च्या दशकाच्या प्रारंभी गायकालाही रॉयल्टी मिळावी, असा आग्रह लता मंगेशकर यांनी धरला. मानधन घेतले की गायकाचा हक्क संपला, असे महंमद रफी यांचे मत. मतभेद एवढा वाढला की काही वर्षे दोघे एकत्र गायलेच नाहीत. पुढे १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चित्रपटासाठी मोबदला देऊन करवून घेतलेल्या संगीताचा पहिला मालक, अन्य करार नसेल तर, निर्माताच ठरवला. रचनाकारांच्या रॉयल्टीला कायद्याचे संरक्षण मिळायला २०१२ ची दुरुस्ती यावी लागली. जावेद अख्तर यांनी राज्यसभेत तिची बाजू हिरिरीने मांडली होती.

आज कॅफेची जागा यूट्यूबने घेतली आहे. २००७ पासून तिथे ‘कंटेंट आयडी’ ही यंत्रणा पहारा देते. हक्कदार कंपनी आपल्या ध्वनिमुद्रणाचा नमुना देऊन ठेवते आणि नवा व्हिडिओ चढला की यंत्र सूर जुळवून पाहते. जुळले, तर कंपनी तो व्हिडिओ अडवू शकते, नुसती नोंद ठेवू शकते किंवा जाहिरातीचे उत्पन्न स्वतःकडे वळवू शकते. ‘दहाच सेकंद वापरले’, ‘खाली नाव दिले आहे’ या सबबी तिथे चालत नाहीत.

अभंग तुकोबांचा, मग हक्क कोणाचा, असे कोणी विचारील. शब्द सर्वांचे, हे खरेच. पण चाल विसाव्या शतकातल्या संगीतकाराची असेल आणि ध्वनिमुद्रण कंपनीचे असेल, तर ते दोन हक्क स्वतंत्रपणे उभे राहतात. ध्वनिमुद्रणाचा हक्क आपल्याकडे प्रकाशनानंतर ६० वर्षे टिकतो.

मात्र यंत्राला सूर ओळखता येतो, हेतू ओळखता येत नाही. समीक्षेसाठी घेतलेला तुकडा आणि उचलेगिरी त्याला सारखीच. कायदा समीक्षेला मोकळीक देतो, पण ती मिळवण्यासाठी व्हिडिओ करणाऱ्यालाच हरकत नोंदवून भांडावे लागते. शिवाय वळवलेला पैसा आधी पोहोचतो हक्कदार कंपनीकडे. तिथून तो चाल बांधणाऱ्याच्या घरी किती पोहोचतो, हा बूर्जेचा प्रश्न मात्र अजून मिटलेला नाही.

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)