परिचारिका व डॉक्टर : एका सीमारेषेचा इतिहास

रोग्याची नाडी पाहणारा श्रेष्ठ व त्याचें अंथरूण बदलणारी कनिष्ठ, ही समजूत आपल्या समाजांत इतकी मुरलेली आहे कीं, ती वैद्यकशास्त्रानेंच घालून दिली असावी असें पुष्कळांस वाटतें. इतिहास पाहूं गेल्यास निराळें दिसतें. ही रेषा शास्त्रानें थोडी, आणि कायदा, जात, पैसा व माणसांची टंचाई यांनीं फार आंखली आहे. व गरज पडली तेव्हां ती मुकाट्यानें पुसलीही गेली आहे.

१८८६ सालीं दोन गोष्टी घडल्या. आनंदीबाई जोशी यांनीं फिलाडेल्फिया येथें डॉक्टरची पदवी मिळविली. आणि मुंबईस पेस्तनजी होरमसजी कामा यांच्या देणगींतून स्त्रियांचें रुग्णालय उघडलें, त्याची सूत्रें एडिथ पीची या विलायती डॉक्टरीणबाईंकडे होतीं. स्त्री डॉक्टर झाली याचें कौतुक करण्यास सनातनी माणसेंही तयार होतीं. परंतु परिचारिका होणें म्हणजे परक्याच्या देहास हात लावणें, घाण उपसणें, आणि सुईणीच्या जातीनें आजवर केलेलें काम आपण करणें! पुण्यास १९०९ मध्यें रमाबाई रानडे व गोपाळ कृष्ण देवधर यांनीं सेवासदन काढलें व पुढें विधवांस ससून रुग्णालयांत शुश्रूषा शिकण्यास पाठविलें, तेव्हां ओरड झाली ती यामुळेंच. त्या ओरडीचें मूळ धर्मभावनेंत जितकें, तितकेंच काम हलकें मानण्यांत होतें, असें आम्हांस वाटतें.

नाइटिंगेलबाईंनीं १८६० मध्यें लंडनला परिचारिकांची शाळा काढली. परिचारिकांवर हुकमत मेट्रनची असावी, डॉक्टरची नव्हे, हा त्यांचा आग्रह होता. औषधोपचारांत मात्र डॉक्टरचा शब्द अखेरचा. ही अर्धी स्वायत्तता आपल्याकडेही आली, पण कायद्याचा आधार तिला फार उशिरां मिळाला. मुंबई इलाख्यांत डॉक्टरांच्या नोंदणीचा कायदा १९१२ सालीं झाला. परिचारिका, सुइणी व आरोग्य-अभ्यागत यांच्या नोंदणीचा १९३५ सालीं. मध्यें तेवीस वर्षें गेलीं.

या उपेक्षेचा हिशेब १९४६ मध्यें भोर समितीनें जगापुढें मांडला. त्या वेळच्या हिंदुस्थानांत डॉक्टर सुमारें ४७,५०० आणि परिचारिका सुमारें ७,००० होत्या. म्हणजे जेथें एका डॉक्टरामागें अनेक परिचारिका हव्यात, तेथें जवळजवळ सात डॉक्टरांमागें एक! आमच्या मतें त्या अहवालांतील अत्यंत बोलका आंकडा हाच. पण चर्चा झाली ती दुसऱ्याच मुद्द्याची. एल्.सी.पी.एस्. सारख्या कमी मुदतीच्या परवान्यांचे डॉक्टर बंद करून एकच पदवी ठेवावी, असें समितीनें सुचविलें. कांहीं सभासदांनीं आपला विरोध नोंदविला, तो वायां गेला. पुण्याचें १८७८ पासूनचें बी. जे. मेडिकल स्कूल १९४६ मध्यें कॉलेज झालें. तालुक्याच्या गांवीं दवाखाना थाटणारा परवानाधारक हळूहळू नाहींसा झाला. पदवीधर बहुधा शहरांतच राहिला.

मग मोकळी जागा कोणी भरली? मुंबई-गोवा रस्त्यावर नागोठणें सोडून कोलाडकडे जातांना रोहें तालुक्यांतलें खांब लागतें. अशा गांवांकरितां सरकारनें जी योजना आंखली, तींत सपाटीवर पांच हजार व डोंगराळ भागांत तीन हजार वस्तीस एक उपकेंद्र धरलें आहे, आणि तेथें एक नर्सबाई. तिचें सरकारी नांव 'सहायक'. पण ज्याला सहाय्य करावयाचें तो डॉक्टर प्राथमिक आरोग्य केंद्रांत, मैलोगणती दूर. तेव्हां निदान तिनेंच करावें, बाळंतपण तिनेंच उरकावें, आणि कांहीं बिघडलें कीं अधिकाराबाहेर गेल्याचा ठपकाही तिनेंच सोसावा! याला सीमा म्हणणें कठीण. हा सोयीचा पडदा आहे.

आमच्या याच जिल्ह्यांत, तेव्हांच्या कुलाब्यांत, तो पडदा बाजूस सारण्याचा प्रयत्न झाला होता. जे. जे. रुग्णालयाचे प्लास्टिक सर्जन डॉ. नोशीर अंटिया यांनीं १९७३ च्या सुमारास अलिबाग तालुक्यांत मांडवा येथें, फारशा न शिकलेल्या गांवच्या बायांस साधे उपचार, क्षय व कुष्ठ यांची देखरेख शिकविली. बाया शिकल्या, पण स्थानिक सत्ताधाऱ्यांचा विरोध झाला व काम आवरतें घ्यावें लागलें. गडचिरोलींत अभय व राणी बंग यांना अधिक यश आलें. खेड्यांतल्या स्त्रियांनीं नवजात अर्भकांस जंतुदोषावर जेंटामायसिनचीं इंजेक्शनें दिलीं. इतर काळजीसह या उपायांनीं तिसऱ्या वर्षीं नवजातांचे मृत्यु बासष्ट टक्क्यांनीं घटले, असें १९९९ मध्यें 'लॅन्सेट'नें छापलें.

पुढील हालचाली थोडक्यांत सांगतों. २०१८ पासून उपकेंद्रांत समुदाय आरोग्य अधिकारी नेमूं लागले. अनेक प्रांतांनीं तेथें परिचारिका बसविल्या, महाराष्ट्रानें मोठ्या संख्येनें आयुर्वेदाचे पदवीधर. एकाच खुर्चीची योग्यता प्रांत बदलतांच बदलली. २०१९ च्या वैद्यकीय आयोग कायद्यानें अशांना मर्यादित परवाना देण्याची वाट ठेवली, तेव्हां डॉक्टरांच्या संघटनेनें संप पुकारला. परिचारिकांसाठीं १९४७ च्या कायद्याची जागा घेणारा कायदा २०२३ मध्यें झाला.

उपकेंद्रांतल्या नर्सबाईंसाठीं याहून मोलाचा वाटतो तो २००५ च्या सुमाराचा एक निर्णय. बाळंतिणीस झटके येऊं लागल्यास मॅग्नेशियम सल्फेटची पहिली मात्रा नर्सबाईनें द्यावी व मग रोग्यास पुढें पाठवावें, अशी मोकळीक त्यानें दिली. पहिली सुई तिची, पुढच्या डॉक्टरच्या.