खाण-वारसा पर्यटन

खाण-वारसा पर्यटन म्हणजे उत्पादन थांबलेल्या खाणीचे बोगदे, यंत्रसामग्री, इमारती व कामगार-वसाहती यांचे जतन करून ते स्थळ अभ्यासक व पर्यटकांसाठी खुले करणे होय. चालू खाण पर्यटकांना दाखविणे आणि खाणीच्या जागी उद्यान उभारणे हे त्याच्या जवळचे प्रकार आहेत. मात्र त्यांत इतिहासाचे जतन हा मुख्य हेतू असतोच असे नाही. महाराष्ट्र व गोव्यातील परिचित उदाहरणे प्रामुख्याने या दोन प्रकारांत मोडतात.

स्वरूप आणि प्रक्रिया

भूमिगत खाणीत पाझरणारे पाणी पंपांनी सतत उपसावे लागते. खाण बंद होऊन पंप थांबले की बोगदे पाण्याने भरू लागतात, छताचे आधार कुजतात आणि यंत्रे भंगारात जातात. म्हणून जतनाचा निर्णय शक्यतो खाण बंद होतानाच घ्यावा लागतो. विलंब झाल्यास जतन करण्याजोगे फारसे उरत नाही.

सामान्यतः संपूर्ण खाण खुली न करता तिचा उथळ व भक्कम भाग निवडतात. छताला नवे आधार देणे, हवा खेळती ठेवणे, मिथेनसारख्या ज्वलनशील वायूंवर लक्ष ठेवणे आणि बाहेर पडण्याचा पर्यायी मार्ग राखणे ही कामे आधी करावी लागतात. त्याबरोबरच नकाशे, हजेरीपट, छायाचित्रे, अवजारे व जुन्या कामगारांच्या आठवणी यांचा संग्रह केला जातो.

जगातील उदाहरणे

पोलंडमधील व्येलिच्का येथे तेराव्या शतकापासून मीठ काढले जात होते. हे स्थळ १९७८ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आले, तर तेथील व्यापारी उत्खनन १९९६ मध्ये थांबले. वेल्समधील ब्लेनाव्हन येथील ‘बिग पिट’ ही कोळसा खाण १९८० मध्ये बंद झाली आणि १९८३ मध्ये पर्यटकांसाठी खुली झाली. तेथे पर्यटक डोक्यावर दिव्याचे शिरस्त्राण घालून पाळण्यातून सुमारे ९० मीटर खाली उतरतात. ठिणगीचा धोका टाळण्यासाठी भ्रमणध्वनी, काडेपेटी व विद्युतघटावर चालणारी घड्याळे वरच ठेवावी लागतात. या खाणीत मार्गदर्शक म्हणून माजी खाणकामगारांनीच काम केले. जर्मनीतील एसेन शहरातील त्सोलफेराइन खाण १९८६ मध्ये बंद झाली. कोळसा धुण्याच्या तिच्या प्रचंड इमारतीत आता रुर संग्रहालय आहे.

महाराष्ट्र

राज्यातील कोळसा व मँगनीज खाणी मुख्यतः विदर्भात आहेत. चंद्रपूर जिल्ह्यातील वरोरा येथील सरकारी कोळसा खाण ही वर्धा खोऱ्यातील आरंभीच्या खाणींपैकी एक होती. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सुरू झालेली ही खाण १९०६ मध्ये बंद झाली. नागपूर व भंडारा जिल्ह्यांतील मनसर, कांद्री, गुमगाव, चिखला व डोंगरी बुजुर्ग ही मँगनीज उत्खननाची प्रमुख केंद्रे आहेत.

नागपूर येथे मुख्यालय असलेल्या वेस्टर्न कोलफील्ड्स लिमिटेड या कंपनीने २०१६ मध्ये महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाच्या सहकार्याने खाण पर्यटन सुरू केले. नागपूर जिल्ह्यातील सावनेर येथील भूमिगत खाण व गोंडेगाव येथील खुली खाण यांचा त्यात समावेश करण्यात आला. सावनेरच्या उद्यानात भूमिगत खाणीची प्रतिकृती आहे. प्रत्यक्ष खोलवर न उतरताही खाणकामाची कल्पना यावी, हा तिचा उपयोग होय.

गोवा

डिचोली तालुक्यातील साखळी येथील लोहखनिजाच्या जुन्या खाणीचे पुनर्भरण करून तेथे वृक्षलागवड करण्यात आली. खाणीच्या खड्ड्यातील पाण्यात मत्स्यपालन, तसेच औषधी वनस्पती व फुलपाखरांचे उद्यान असे उपक्रम तेथे राबविले गेले. हे पर्यावरणीय पुनर्वसनाचे उदाहरण मानले जाते.

कोलार

कर्नाटकातील कोलार सुवर्णक्षेत्रात सुमारे तीन किलोमीटर खोलीपर्यंत उत्खनन झाले. या खाणी २००१ मध्ये बंद झाल्या. त्यानंतर खोल बोगद्यांत पाणी भरले आणि सायनाइड प्रक्रियेतून उरलेल्या मातीचे ढिगारे वस्तीलगत राहिले. वारसा म्हणून मोठे महत्त्व असले, तरी वेळ निघून गेल्यावर जतन किती अवघड होते, हे यातून दिसते.

मर्यादा आणि वाद

कोळसा मंत्रालयाने २००९ मध्ये खाणबंदीविषयी मार्गदर्शक तत्त्वे लागू केली. त्यानुसार खाण बंद करण्याच्या खर्चाची तरतूद कंपनीला स्वतंत्र खात्यात करावी लागते. अशा आराखड्यांचा भर खड्डे भरणे, सुपीक माती पुन्हा पसरणे, वृक्षलागवड व सुरक्षितता यांवर असतो. मात्र जमीन हिरवी झाली, तरी तेथे राबलेल्या माणसांचा इतिहास आपोआप जपला जात नाही.

तो इतिहास सांगताना काय वगळले जाते, हाही वादाचा विषय ठरतो. जपानमधील हाशिमा बेटावरील कोळसा खाण १९७४ मध्ये बंद झाली. २०१५ मध्ये हे बेट मेइजी काळातील औद्योगिक स्थळांच्या समूहात जागतिक वारसा ठरले. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तेथे कोरियन लोकांकडून सक्तीने काम करवून घेतल्याची माहिती पुरेशी दिली जात नाही, याबद्दल जागतिक वारसा समितीने २०२१ मध्ये तीव्र खेद व्यक्त केला. याउलट इंडोनेशियातील सावाहलुंतो येथे साखळदंडांनी जखडलेल्या कैद्यांच्या श्रमाचा इतिहास पर्यटकांना सांगितला जातो आणि कामगारांसाठी अन्न शिजविणाऱ्या जुन्या सामुदायिक स्वयंपाकघराचे संग्रहालय करण्यात आले आहे. हे स्थळ २०१९ मध्ये जागतिक वारसा यादीत समाविष्ट झाले.