लोहित : एका पुणेरी टंकाची कुळकथा

वारजे हे मुठेकाठचे गाव 1997 साली पुणे महानगरपालिकेच्या हद्दीत आले, आणि जेथे शेताचे बांध होते तेथे हळूहळू सोसायट्यांच्या भिंती उभ्या राहिल्या. अशाच एका सोसायटीचे दप्तर लावण्याचे काम मध्यंतरी माझ्याकडे आले. त्यातील एका जुन्या सभेचे इतिवृत्त संगणकावर उघडले, तो पडद्यावर रोमन अक्षरे, आकडे आणि विरामचिन्हे यांचा अर्थहीन गलबला दिसू लागला. मजकूर शाबूत होता. ज्या टंकात तो बसवला होता तो टंक, म्हणजे फाँट, तेवढा माझ्या यंत्रात नव्हता.

याचे मूळ संगणकीय देवनागरीच्या बालपणात आहे. त्या काळच्या टंकांत रोमन अक्षरांसाठी राखलेल्या जागांवर देवनागरीची वळणे बसवलेली असत, आणि कोणत्या जागी कोणते वळण ठेवायचे हे ज्याचा तो निर्माता ठरवी. म्हणून एका टंकातला ‘क’ दुसऱ्या टंकात भलतेच रूप घेई. 1991 साली भारतीय मानक ब्यूरोने भारतीय लिप्यांच्या संगणकीय नोंदीसाठी ‘इस्की’ हे प्रमाण ठरवले, आणि त्याच वर्षी निघालेल्या युनिकोड या जागतिक प्रमाणाच्या पहिल्या आवृत्तीत, इस्कीच्याच पूर्वरूपाला अनुसरून, देवनागरीला 128 जागांचा स्वतंत्र पट्टा मिळाला. अक्षराची नोंद अशी पक्की झाली; परंतु नोंदीला दृश्य रूप देण्यासाठी टंक हवाच, आणि टंक कोणाच्या मालकीचा, हा प्रश्न उरलाच.

जावजी दादाजींनी 1869 साली मुंबईत निर्णयसागर छापखाना काढला, त्या काळी छपाईचा शिशाचा खिळा विकत घेणाऱ्याचा होई. तो झिजला की पुन्हा ओतावा लागे. संगणकाचा टंक कितीही प्रती काढल्या तरी झिजत नाही. तरीही शेजाऱ्याला त्याची एक प्रत देणे बहुधा मालकाच्या लेखी करारान्वये निषिद्ध असते.

या पार्श्वभूमीवर 2004 सालची घटना मला मोलाची वाटते. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेक या कंपनीने घडवलेले भारतीय लिप्यांचे टंक रेड हॅट या, लिनक्स ही संगणकप्रणाली वितरित करणाऱ्या कंपनीने ‘लोहित’ या नावाने, जीपीएल या मुक्त परवान्याखाली, सर्वांसाठी खुले केले. लोहित म्हणजे तांबडा. रिचर्ड स्टॉलमन यांनी 1983 साली घोषित केलेल्या ग्नू या मुक्त सॉफ्टवेअरच्या प्रकल्पातून जन्मलेला हा परवाना एका परीने सनदच आहे: वापरा, आतली रचना अभ्यासा, बदला, वाटा, मात्र बदललेली वस्तू वाटाल तेव्हा घेणाऱ्यालाही हेच हक्क द्या. 2011 साली लोहितला टंकांसाठीच रचलेला ‘ओपन फाँट लायसन्स’ लाभला. त्यान्वये टंक दस्तऐवजात अंतर्भूत केला तरी दस्तऐवजावर कोणतेही बंधन येत नाही, आणि टंक इतर सॉफ्टवेअरबरोबर विकता येत असला तरी नुसताच विकता येत नाही.

या मोकळीकीचे महत्त्व मराठीला विशेष आहे. ‘आचार्याला’ आणि ‘आचाऱ्याला’ या दोन शब्दांत गुरू आणि स्वयंपाकी यांच्याएवढे अंतर आहे, आणि ते केवळ रफार व अर्धा र यांच्या भेदावर उभे आहे. हा भेद ज्या टंकाला कळत नाही तो मराठीला अपुरा होय. बंदिस्त टंकात असा दोष आढळला तर मालकाकडे अर्ज करून वाट पाहणे एवढेच हाती उरते. खुल्या टंकात तो दोष जाणता मराठी माणूस स्वतः दुरुस्त करू शकतो, आणि ती दुरुस्ती सर्वांची होते. गायरान अति चराईने उजाड होते. हे गायरान मात्र जितके वापरावे तितके सकस होत जाते. भाषा जर समाजाची, तर तिची वळणेही समाजाच्या वहिवाटीत असावीत, असे मला मनःपूर्वक वाटते.

त्या इतिवृत्ताची छापील प्रत सुदैवाने कपाटात सापडली. तिच्यावरून मी सारा मजकूर युनिकोडमध्ये पुन्हा टंकित केला, तो लोहितमध्ये बसवला, आणि सोसायटीच्या दप्तरात ठेवताना मजकुराशेजारी टंकाची प्रतही ठेवली. कारण ती पुढच्या चिटणिसाच्या हाती देण्याचा अधिकार लोहितच्या परवान्याने मला दिलेला आहे.